१९७२च्या दुष्काळात गर्भात असलेली रुग्ण : सोलापुरातील एक प्रकरण अभ्यास

सन २०२४च्या दिवाळीनंतर सोलापूर शहराच्या पूर्व भागात राहणारी ५१ वर्षांची एक स्त्री आमच्या बाह्यरुग्ण विभागात आली. गोळ्या वेळेवर घेऊनही साखर आटोक्यात येत नाही, ही तिची तक्रार होती. मधुमेह जुना होता. २००७ साली, वयाच्या ३४व्या वर्षी, पायाच्या अंगठ्याची जखम दोन महिने भरत नाही म्हणून रक्त तपासले गेले तेव्हा तो प्रथम लक्षात आला, आणि तेव्हापासून ती मेटफॉर्मिन व जोडीला आणखी एक गोळी घेत होती. १९९१ साली लग्न होऊन ती मंगळवेढा तालुक्यातील माहेराहून सोलापुरात आली. नवरा यंत्रमागावर कामाला आहे, आणि ती स्वतः गेली वीसेक वर्षे शालेय गणवेशांचे काम कारखान्यातून घरी आणून शिलाई मशीनवर बसते. तिचे, घरच्यांचे व गावाचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही.

तिची उंची १४८ सेंटिमीटर आणि वजन ४६ किलो होते, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचे प्रमाण) २१. कोणत्याही तक्त्यानुसार ही स्त्री स्थूल ठरत नाही. भारतीयांसाठी खाली आणलेली २३ची मर्यादाही ती ओलांडत नाही. परंतु कंबरेचा घेर ८४ सेंटिमीटर होता, जो स्त्रियांसाठी ८०च्या आत असावा, आणि दंड व मांड्या बारीक होत्या. रक्तदाब १५०/९४, तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारे एचबीए१सी ९.६ टक्के, रक्तातली ट्रायग्लिसराइड ही चरबी २६२, लघवीत अल्ब्युमिनचे प्रमाण किंचित वाढलेले आणि सोनोग्राफीत यकृतात चरबी, असे एकंदर चित्र होते. बारीक हातपायांच्या व वजनाला हलक्या देहात एवढी चरबी दडलेली असणे आपल्याकडे नवलाचे नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचे छायाचित्र प्रसिद्ध केले होते, दोघांचाही बीएमआय २२.३ होता, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के होती.

सडपातळ व्यक्तीला तिशीत मधुमेह झाला, तर काही कारणे आधी वगळावी लागतात. स्वादुपिंडावर हल्ला करणारी प्रतिपिंडे तिच्या रक्तात नव्हती. सी-पेप्टाइडच्या पातळीवरून शरीर स्वतःचे इन्सुलिन अजूनही बऱ्यापैकी बनवत असल्याचे दिसले. उष्ण प्रदेशांत आढळणारा, स्वादुपिंडात खडे होऊन येणारा मधुमेह सोनोग्राफीने वगळला गेला. उरला तो नेहमीचा दुसऱ्या प्रकारचा मधुमेह. मात्र त्याची नेहमीची कारणे तिच्या बाबतीत नीट जुळत नव्हती. आईला ७७व्या वर्षीही साखर नाही. वडील सत्तरीत वारले तोवर त्यांनाही नव्हती. १९६८ साली जन्मलेला थोरला भाऊ आणि १९७७ साली जन्मलेली धाकटी बहीण, दोघांच्याही तपासण्या आम्ही करून घेतल्या आणि त्या निर्दोष निघाल्या. भाऊ तर तिच्याहून चांगलाच वजनदार आहे. आईबाप तेच, घर तेच, भाकरीही तीच असताना मधल्या मुलीलाच हा आजार एवढ्या लवकर का गाठतो, हा प्रश्न या अभ्यासाच्या मुळाशी आहे.

जन्मतारखेचा शोध

आधार कार्डावर तिची जन्मतारीख १ जून १९७२ आहे. ग्रामीण महाराष्ट्रात त्या पिढीतील असंख्य लोकांचा वाढदिवस १ जूनलाच येतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी पटावर बसेल अशी तारीख लिहिली आणि पुढे तीच सगळ्या कागदांवर चढली. एरवी या तारखेने काही बिघडत नाही. येथे मात्र सगळे तिच्यावरच अवलंबून होते, कारण १ जून १९७२ खरी मानली तर दुष्काळाचे सर्वांत कठीण वर्ष तिच्या जन्मानंतर सुरू झाले असे होते.

तिच्या आईला तारीख माहीत नाही, पण साल आणि नक्षत्र पक्के ठाऊक आहे. “दसऱ्याला कळलं मला दिवस गेल्याचं. अन् मिरग लागला, त्याच्या चार-सहा दिसांनी ही झाली. त्या सालचा पैला पाऊस. गाव सगळं भिजाया बाहीर आलतं अन् मी वेणा देत व्हते.” एवढ्यावरून जन्म जून १९७३चा आणि गर्भधारणा सप्टेंबर १९७२च्या अखेरची ठरते. पाठचे-पुढचे प्रसंग, थोरल्याचे वय आणि गावातील इतरांच्या आठवणी यांच्याशी हा हिशोब जुळला, म्हणून आम्ही तो ग्राह्य धरला. गर्भावस्थेचे पूर्ण नऊ महिने दुष्काळाच्या ऐन कडाक्यात गेले, असा त्याचा अर्थ होतो.

त्या दुष्काळाची थोडी माहिती नव्या वाचकांसाठी आवश्यक आहे. १९७० पासून पाऊस ओढ देत होता आणि १९७२-७३ साली तो जवळजवळ पुरताच फसला. सोलापूर, अहमदनगर, औरंगाबाद, बीड हे जिल्हे सर्वाधिक होरपळले. सोलापूर जिल्हा मुळात रब्बीचा. भाद्रपद-आश्विनात ज्वारी पेरावी आणि तिच्यावर वर्ष काढावे अशी येथील रीत, आणि त्या वर्षी ती पेरणीच झाली नाही. सरकारने रस्ते, नालाबांध व पाझर तलाव यांची कामे काढली आणि मे १९७३ मध्ये राज्यभरात जवळजवळ ५० लाख माणसे या कामांवर होती. भूकबळी त्या प्रमाणात पडले नाहीत, हे या कामांचे मोठे यश. रोजगार हमी योजना त्यातूनच पुढे कायद्यात आली. ते यश खरेच आहे. पण जी बाळे तेव्हा पोटात होती, त्यांचे काय झाले, हे पाहणारी नोंद कोणाकडेच नव्हती.

आईची साक्ष

म्हातारीला आम्ही दोनदा निवांत बसून विचारले. प्रश्न मोजके आणि साधे होते: काम काय केले, खाल्ले काय, पाणी कुठून आणले, अंग कसे होते. तिने जे सांगितले ते जवळजवळ तिच्याच क्रमाने येथे देत आहे, कारण कोणत्याही प्रयोगशाळेच्या अहवालापेक्षा या प्रकरणात त्याचे मोल अधिक आहे.

दिवाळीआधीच घरची दुभती म्हैस सांगोल्याच्या बाजारात विकली गेली, कारण कडबा नव्हता. त्यासरशी घरातले दूध, ताक आणि दही एकदमच संपले. पौषापासून ती व नवरा दोघेही खडी फोडण्याच्या कामावर जाऊ लागले. दिवस गेल्याचे तिने मुकादमाला सांगितले नाही. सांगितले तर हजेरीवरून नाव कमी होईल, ही धास्ती होती. मजुरी फोडलेल्या खडीच्या मापावर मिळे, त्यामुळे बसून राहण्याची सोय नव्हती. सातवा लागल्यावर पोट आड येऊ लागले तेव्हा ती कशी बसे, ते तिने दवाखान्यातल्या फरशीवर बसून दाखवले: एक पाय लांब सोडलेला, दुसरा दुमडलेला, अंग डाव्या कुशीवर रेललेले, डाव्या हातात चिंधीचे कडे. त्या कड्यात दगड धरायचा, म्हणजे कपच्या डोळ्यांत उडत नाहीत, आणि उजव्या हाताने हातोडी मारायची. “बाया म्हणायच्या, तुझं लेकरू पोटातनंच हजेरी लावतंय.”

खाण्यात रेशनवरची मिलो असे. अमेरिकेतून आलेली ही तांबडी ज्वारी त्या पिढीच्या तोंडून आजही नाव न विसरता निघते. तिची भाकरी थापताना तुटे आणि गार झाली की घशाखाली उतरत नसे. सकाळी एक भाकरी चटणीमिठाशी, रात्री एक, आमटी झाली तर आमटी. कामावर सुकडी वाटत, ती चार वर्षांच्या थोरल्याच्या तोंडी जाई. पालेभाजी पाहायला नव्हती. पाण्यासाठी पहाटे विहिरीवर रांग आणि डोक्यावर हंडा घेऊन परत यायचे, मग कामावर. डोहाळजेवणाचा विषयच निघाला नाही, आणि पहिलटकरीण नसल्याने माहेरी जाणेही झाले नाही. आठव्या महिन्यात हातातल्या बांगड्या सरकून कोपरापर्यंत जात, असे तिने सांगितले. जी स्त्री गर्भारपणात दहा किलोंनी वाढायला हवी, तिचे हात वाळत चालले होते, एवढे त्या एका वाक्यात कळते.

मुलगी घरीच झाली. वजन कोणी केले नाही. “सुईण म्हणाली, जगली तर तुझी.” मुलगी जगली. त्या वर्षी पाऊस चांगला झाला, ज्वारी आली, दोन वर्षांत घरात पुन्हा म्हैस बांधली गेली, आणि पाच-सहा वर्षांची होईतो पोरीने चांगले अंग धरले, हे आई आजही अभिमानाने सांगते. पुढील विवेचनात या शेवटच्या तपशिलालाही तितकेच महत्त्व आहे.

गर्भात काय घडले असावे

गर्भाला आईकडून येणारे पोषण कमी पडू लागले की तो सगळ्याच अवयवांची वाढ सारखी रोखत नाही. दुष्काळात शेतकरी बागेचे पाणी तोडतो, पण पिण्याचे राखतो. त्याप्रमाणे रक्ताचा ओघ मेंदूकडे वळवला जातो आणि स्नायू, यकृत, स्वादुपिंड व मूत्रपिंडे यांच्या वाट्याला कमी येते. ही काटकसर त्या वेळी जीव वाचवते, परंतु काही अवयवांच्या बाबतीत ती पुढे भरून काढता येत नाही. मूत्रपिंडात रक्त गाळणारे नेफ्रॉन गर्भाच्या सुमारे ३६व्या आठवड्यापर्यंतच तयार होतात आणि त्यातले निम्म्याहून अधिक शेवटच्या तिमाहीत. त्यानंतर जन्मभर नवा नेफ्रॉन बनत नाही. आमच्या रुग्णाची शेवटची तिमाही एप्रिल ते जून १९७३ होती. पन्नाशीच्या सुमारास चढलेला तिचा रक्तदाब आणि लघवीतले अल्ब्युमिन यांचा विचार केवळ मधुमेहाचे दुष्परिणाम म्हणून करणे मला अपुरे वाटते. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचा साठाही बराचसा याच काळात ठरतो. स्नायू कमी राहिले की जेवणानंतरची साखर साठवायला जागाच कमी उरते.

दुसरी वाट ताणाच्या संप्रेरकाची आहे. आईच्या रक्तातले कॉर्टिसॉल गर्भापर्यंत थेट पोहोचू नये म्हणून वारेत एक वितंचक (एन्झाइम) पहाऱ्याला असते, जे त्याचे निष्क्रिय रूप करते. उपासमारीत किंवा दीर्घ ताणात हा पहारा सैल पडतो असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. तिसरी वाट जनुकांवरील रासायनिक खुणांची. जनुके तीच राहतात, पण कोणते किती चालावे हे सांगणाऱ्या खुणा बदलतात, आणि या खुणा घालण्यासाठी लागणाऱ्या मिथिल गटाच्या चक्रात फोलेट या जीवनसत्त्वाबरोबर बी-१२ जीवनसत्त्व असावेच लागते. म्हैस विकली जाणे या दृष्टीनेही साधी घटना नव्हती. ज्या घरात मांस-अंडी सणासुदीलाही क्वचितच शिजत, तेथे दूध-ताक हाच बी-१२चा जवळपास एकमेव स्रोत होता.

हे सारे या एका स्त्रीच्या बाबतीत सिद्ध करता येणार नाही. मात्र असेच प्रसंग मोठ्या संख्येने अभ्यासले गेले आहेत. नेदरलँड्सच्या पश्चिम भागात १९४४-४५च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे रेशन दिवसाला ४०० ते ८०० कॅलरींवर आले होते. तो काळ नेमका आखलेला होता आणि दवाखान्यांत जन्मनोंदी होत्या. शेवटच्या तिमाहीत उपासमार सोसलेली बाळे लहान जन्मली आणि मोठेपणी त्यांना साखर पचवणे जड गेले. पहिल्या तिमाहीत सोसलेली बाळे जन्मतः नेहमीच्या वजनाची होती, तरीही त्यांच्यात पुढे हृदयविकार व स्थूलता अधिक आढळली. जन्मवजन ठीक म्हणजे गर्भकाळ ठीक, हे समीकरण तेथेच मोडले. साठ वर्षांनंतर, २००८ साली, गर्भधारणेच्या सुमारास उपासमार सोसलेल्या व्यक्तींच्या एका वाढीच्या जनुकावरील मिथिल खुणा त्यांच्याच भावंडांपेक्षा कमी असल्याचेही दिसले. भावंडांशी केलेली ही तुलना आमच्या प्रकरणाशी नाते सांगते.

त्याहून जवळचा पुरावा पुण्याचा आहे. केईएम रुग्णालयाने १९९३ पासून पुणे जिल्ह्यातील सहा गावांत गर्भारपणाआधीपासून स्त्रियांचा पाठपुरावा केला. तेथील बाळांचे सरासरी जन्मवजन २.७ किलोच्या आसपास निघाले. इंग्लंडमधील बाळे साडेतीन किलोंची. पण कमतरता सर्वत्र सारखी नव्हती: स्नायू आणि पोटातील अवयव बरेच मागे पडलेले, त्वचेखालची चरबी मात्र जवळजवळ राखलेली. म्हणजे मोठेपणी दिसणारा बारीक हातापायांचा व पोटाशी चरबीचा देह आपल्याकडे जन्मतःच दिसू लागतो. याच अभ्यासात हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध खाणाऱ्या मातांची बाळे मोठी होती, आणि शेतावरचे व पाणी वाहण्याचे जड काम करणाऱ्या मातांची लहान. सुमारे दोन-तृतीयांश मातांमध्ये बी-१२ कमी होते. ज्यांच्यात बी-१२ कमी आणि फोलेट अधिक होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्सुलिनचा प्रभाव कमी झालेला सर्वाधिक दिसला. आजीने, म्हणजे रुग्णाच्या आईने, फरशीवर बसून दाखवलेली ती बैठक, तुटणारी भाकरी आणि विकलेली म्हैस, या तिन्हींना या निष्कर्षांत जागा आहे.

आता विरुद्ध बाजूही मांडली पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात लेनिनग्राडला वेढा पडला तेव्हा तेथील उपासमार कितीतरी भीषण होती. तरीही त्या काळात गर्भात असलेल्यांमध्ये मोठेपणी मधुमेह अधिक आढळला नाही. याचे एक स्पष्टीकरण असे दिले जाते की लेनिनग्राडमध्ये जन्मानंतरही टंचाई संपली नाही, त्यामुळे गर्भाने केलेली तयारी आणि बाहेरचे जग यांचा मेळ बसला. नेदरलँड्समध्ये मात्र काही महिन्यांत भरपूर अन्न आले. दिल्लीत १९६९ ते १९७२ दरम्यान जन्मलेल्या मुलांचा पाठपुरावा याला बळ देतो. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार, तरुणपणी मधुमेहाकडे झुकलेल्यांमध्ये बहुतेक जण लहानपणी जाड नव्हते. दोन वर्षांपर्यंत ते बारीक होते आणि दोन ते बारा या वयात त्यांचे वजन झपाट्याने चढले. आमची रुग्ण अगदी याच वाटेने गेली. १९७३च्या पावसानंतर आलेली सुबत्ता, पुढे शहर, रेशनचा तांदूळ, तेल-साखर आणि दिवसभराची बैठी शिलाई हे सगळे त्या टंचाईसाठी घडलेल्या देहावर येऊन पडले. भावाला शहर व शिलाई लाभली नाही, हे त्याच्या निरोगीपणाचे दुसरे संभाव्य कारण आहे आणि ते नाकारता येत नाही. बहीण मात्र सोलापुरातच, जवळपास तशाच घरात, तसेच काम करत राहते. म्हणून गर्भकाळाचा वाटा मी मोठा मानतो.

उपचारात काय बदलले

एवढी चौकशी करून औषधोपचारात फरक पडणार नसेल, तर ती केवळ जिज्ञासा ठरेल. येथे फरक पडला. याआधी तिला ठिकठिकाणी “कमी खा, वजन वाढू देऊ नका” असे सांगितले गेले होते आणि तिने ते मनापासून पाळले होते: दोन वेळा अर्धी-अर्धी कडक भाकरी, शेंगाचटणी, आमटीचे पाणी. जिचा मूळ दोष स्नायूंची कमतरता हा आहे, तिला उपाशी ठेवणे म्हणजे उरलेले स्नायूही झिजवणे होय. आम्ही अन्न वाढवले. मटकी व हुलग्याची उसळ, दही, रोज एक अंडे, पालेभाजी, भात कमी. मशीनवरून दर अर्ध्या तासाने उठणे, पाटावर बसून हात न टेकता उभे राहण्याचा व्यायाम, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणे. बी-१२ केवळ १४२ निघाले. मेटफॉर्मिनच्या दीर्घ वापराने ते घटू शकते, आणि येथे मूळ साठाही कमी असणार, म्हणून इंजेक्शने दिली. रक्तदाबासाठी मूत्रपिंडांचे रक्षण करणारी गोळी सुरू केली आणि लघवीची तपासणी दर सहा महिन्यांनी ठरवली. रात्रीचे थोडे इन्सुलिन घ्यायला ती सुरुवातीला तयार नव्हती. तीन महिन्यांनी घेऊ लागली. वर्षभरात वजन दोन किलोंनी वाढले, कंबर तेवढीच राहिली आणि एचबीए१सी ७.५वर आले.

यादरम्यान एक प्रश्न आला, ज्याचे उत्तर देणे कोणत्याही गोळीहून अवघड होते. आमचे बोलणे ऐकत बसलेल्या आजीने विचारले, “म्हंजी सायेब, माझ्यामुळं झालं व्हय हिला ह्ये?”

या विषयावर बोलणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न समोर ठेवून बोलावे, असे मला तळमळीने वाटते. गर्भकाळाचे विज्ञान निष्काळजीपणे सांगितले की ते आईवरचे आरोपपत्र होते. मी आजींना सांगितले की पोटात असताना या मुलीला जे मिळाले ते तुमच्या हाडामासातून मिळाले, आणि जे मिळाले नाही ते तुमच्याकडेही नव्हते. पाऊस, रेशन, मापावरची मजुरी आणि गर्भारपणी हक्काची रजा नसणे, ही कारणे आहेत. रुग्णाने त्यानंतर आईचा हात बराच वेळ हातात धरून ठेवला होता.

आज शहरात गर्भसंस्कारांच्या नावाने श्लोक, संगीत आणि महागडे वर्ग सांगितले जातात. गर्भ सहाव्या-सातव्या महिन्यापासून ऐकू लागतो आणि जन्मल्याबरोबर आईचा आवाज ओळखतो, हे प्रयोगांनी सिद्ध आहे. आईने प्रसन्न राहून पोटातल्या बाळाशी बोलावे यात चांगलेच आहे. पण ज्या घरी विड्या वळताना तंबाखूची धूळ आईच्या श्वासात जाते, किंवा दात घासायला मिश्री लागते, तेथे आधी त्यावर बोलले पाहिजे. मुंबईत गरोदर स्त्रियांच्या पाठपुराव्यातून २००४ साली दिसले की धूर न होणाऱ्या तंबाखूनेही बाळाचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने घटते. सोलापुरात हजारो बायांच्या मांडीवर सूप आणि सुपात तंबाखू असताना हा आकडा आपल्या दवाखान्यांतल्या भिंतींवर लावण्याजोगा आहे.

पुढची पिढी

रुग्णाची एकुलती मुलगी १९९७ची. स्त्री-गर्भाच्या अंडाशयात पाचव्या महिन्याच्या सुमारास सारी बीजांडे तयार असतात, सुमारे ६० ते ७० लाख. पुढे ती कमीच होत जातात. म्हणजे ज्या बीजांडातून ही मुलगी झाली, ते १९७३च्या फाल्गुनात, तिच्या आजीने खडी फोडली तेव्हा, तिच्या पोटातल्या पोरीत अस्तित्वात होते. त्याचा मुलीच्या आरोग्यावर नेमका किती परिणाम झाला हे मानवी अभ्यासांतून ठामपणे सांगता येत नाही. तिला निश्चितपणे लागू होणारी गोष्ट निराळी आहे: आईला मधुमेह, स्वतःची उंची कमी, आणि आम्ही प्रथम भेटलो तेव्हा ती १४ आठवड्यांची गर्भवती.

राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर पाहिली, ती १५८ निघाली. १४० किंवा अधिक म्हणजे गर्भकाळातील मधुमेह. येथे धोका उलट्या दिशेने येतो. उपाशी गर्भाला जसे नुकसान होते तसेच साखरेत न्हालेल्या गर्भालाही होते. म्हैसूरच्या होल्ड्सवर्थ रुग्णालयातील जुन्या जन्मनोंदींचा मागोवा घेतला तेव्हा मधुमेह अधिक आढळला तो बुटक्या व गुटगुटीत जन्मलेल्यांत आणि वजनदार मातांच्या मुलांत. अमेरिकेतील पिमा जमातीत एकाच आईच्या मुलांपैकी, तिला मधुमेह झाल्यानंतर जन्मलेल्यांना तो आधीच्या भावंडांपेक्षा अधिक झाला. आई दोघांचीही तीच. गर्भाशयातले दिवस वेगळे.

मुलीची साखर आहार आणि जेवणानंतरच्या चालण्यावर आटोक्यात राहिली. इन्सुलिन लागले नाही. सातव्या महिन्यात सासूबाईंनी आग्रहाने तिचे जेवण कमी केले, बाळ मोठे झाले तर बाळंतपण अडेल या समजुतीने, आणि उरलेल्या आठवड्यांत त्यांनाही प्रत्येक तपासणीला सोबत बोलवावे लागले. समजूत पटल्यावर रोजची पालेभाजी व दूध देण्याची जबाबदारी त्यांनीच घेतली. मे २०२५ मध्ये ३८ आठवड्यांनी मुलगी झाली, २.८ किलोंची.

बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी करायची साखरेची तपासणी चार महिन्यांनी झाली, कारण बाळ-बाळंतीण माहेरी होती आणि सगळे लक्ष बाळाकडे होते. दोन तासांची साखर १४८ आली, म्हणजे मधुमेह नाही, पण त्याच्या उंबरठ्यावर. तिचेही बी-१२ कमी निघाले आणि ते भरून काढणे चालू आहे. मुंबईच्या वस्त्यांत झालेल्या एका मोठ्या प्रयोगात, गर्भधारणेच्या आधीपासून रोज पालेभाजी, फळे व दूध घातलेला खाऊ दिलेल्या स्त्रियांमध्ये गर्भकाळातील मधुमेह १२.४ ऐवजी ७.३ टक्के आढळला. तोच आधार घेऊन दुसऱ्या मुलाचा विचार करण्याच्या किमान सहा महिने आधी येण्यास तिला सांगितले आहे. नातीसाठी घरच्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली आहे: सहा महिने केवळ अंगावरचे दूध, मग घरचे अन्न, आणि दोन वर्षांनंतर ती बारीक वाटली तरी तिला बिस्किटे व साखरदुधाने गुटगुटीत करायला जाऊ नये. पणजीला हे पटलेले नाही. उंची व वजनाची तपासणी दर तीन महिन्यांनी आहे, आणि तिला दाखवायला पणजीच घेऊन येते.